मूलपेशी: आशा किती, खात्री किती?
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही अतिदक्षता विभागात काम करणारे डॉक्टर. रोगी व्हेंटिलेटरवर गेला, की नातेवाईक आम्हाला विचारतात, "स्टेम सेल देऊन पाहू या का? पैशांचं आम्ही बघतो." या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं म्हणून आज उभे आहोत.

न्यूमोनिया झाला किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला, की शरीर प्रतिकारासाठी दाह निर्माण करतं. तो हाताबाहेर गेला की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं. याला आम्ही एआरडीएस म्हणतो.

अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून मिळवलेल्या मेसेन्कायमल पेशी शिरेतून दिल्या, तर त्या नवं फुफ्फुस घडवतात, असा समज आहे. तसं होत नाही. बहुतेक पेशी फुफ्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. पण तेवढ्या वेळात दाह शांत करणारे संदेश सोडतात. भांडणात समजूत घालून निघून जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसारखं!

प्राण्यांमधले निकाल उत्साहवर्धक होते. माणसांत काय दिसलं? अमेरिकेत एआरडीएसच्या 60 रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2019 मध्ये आले. पेशी सुरक्षित ठरल्या, पण मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. गोठवलेल्या पेशींपैकी देताना जिवंत किती, हेही 36 ते 85 टक्के असं बदलत होतं. कोविडच्या काळात 300 रोग्यांसाठी आखलेली दुसरी चाचणी, लाभाची शक्यता दिसेना म्हणून 2020 च्या डिसेंबरात थांबली.

मग ही कल्पनाच खोटी का? नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी लहान मुलाच्या शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइडही चालत नाही, अशा आजारासाठी अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये या पेशींना मान्यता दिली. एआरडीएससाठी मात्र अजून पुरावा नाही.

दरम्यान जीव वाचवले ते साध्या उपायांनी. 2020 च्या ब्रिटिश चाचणीत स्वस्त डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. 2013 च्या फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर रोग्यांना दिवसातले बरेच तास पालथं झोपवल्यावर 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 33 वरून 16 टक्क्यांवर आले. त्याला महागडं औषध नव्हे, चार-पाच जणांचे तत्पर हात लागतात.

म्हणून विनंती. कोणी मूलपेशींचा उपाय सुचवला, तर तीन गोष्टी विचारा. ही चाचणी सीटीआरआयमध्ये नोंदलेली आहे का? नैतिकता समितीची परवानगी आहे का? आणि पैसे मागता आहात का? आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे प्रयोग चाचणीतच व्हावेत, आणि त्यासाठी रोग्याकडून पैसे घेऊ नयेत.

नोंदणीकृत चाचणीत भाग घ्यायला आम्ही कधीच नाही म्हणणार नाही, त्यातूनच उद्याचं औषध सापडेल. पण घरातलं सोनं मोडण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. आणि ते विचारायला संकोच वाटला, तर तुमच्या वतीने आम्ही विचारू.