दुभाषी कुणाच्या बाजूचा?

मी अंजूरहून बोलतोय. भिवंडीतले यंत्रमाग, आमच्याकडची गोदामं, इथे मी दुभाषी म्हणून जातो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इंग्लिश येतं ना?" खरं तर विचारायला हवं, "माग कळतो का?"

का, ते सांगतो. मागावर 'पिक' म्हणजे आडवा टाकलेला एक धागा. इंचाला किती पिक, यावर कापड किती घट्ट ते ठरतं, आणि बऱ्याचदा मजुरीचा दरही. भाषा पक्की पण माग कधी बघितलाच नाही, असा माणूस त्याचं शेतातलं पीक करून मोकळा होईल! मग हिशोब चुकतो आणि पैसे जातात कारागिराचे.

म्हणून माझं एकच मागणं असतं. कागद दोन दिवस आधी पाठवा, आणि जमलं तर माग चालू असताना एकदा दाखवा.

दुसरी अपेक्षा मात्र अवघड आहे. "आमच्या बाजूने जरा सांभाळून सांगा." ही अपेक्षा जुनी आहे हं. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याचा दुभाषी होता नारायण शेणवी. दरबारात इंग्रज लांब उभे होते. नारायण शेणवीने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांना जवळ बोलावलं गेलं. दुभाषी हुशार होता, पण तो इंग्रजांचाच माणूस होता, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

आज मी मालक आणि कारागीर यांच्या मधे बसतो. दोघांनाही माझ्याशिवाय एकमेकांचं कळत नाही. तिथे मी एक शब्द मऊ केला, तर समोरच्याला ते कळणारसुद्धा नाही. कोर्टात तर कायदाच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८२ नुसार दुभाष्याला खरं तेच सांगावं लागायचं, आणि नव्या संहितेतही तो नियम आहे. गोदामात असा कायदा कुणी दाखवत नाही, म्हणून मी सुरुवातीलाच दोघांना सांगतो, "जे बोलाल ते सगळं जाईल. शिवी दिलीत तर तीही."

काही जण त्यानंतर पुन्हा बोलवत नाहीत. जे बोलवतात, त्यांचे व्यवहार मात्र टिकतात.

तुमच्या धंद्यात असा फसवा शब्द कोणता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!