गाठ लपवू नका

आयाबायांनो, आणि गडीमाणसांनो, तुम्हीही ऐका. आज आपण एका दुखण्याविषयी बोलू.

स्तनात गाठ हाताला लागली, तरी बाई लाजेपायी बोलत नाही. दुखत नाही, म्हणून दिवस काढते. पण कॅन्सरची गाठ बहुधा आधी दुखतच नाही! लवकर दाखवली, तर पुष्कळ बाया बऱ्या होतात.

हा रोग शिवल्याने होत नाही. कुणाच्या पापानेही होत नाही. तिचे ताट वेगळे मांडू नका.

मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रोग्याची व सोबत्याची राहण्याची सोय होते.

विठोबाला साकडे घाला, पण औषध अर्ध्यात सोडू नका. नवऱ्याने सोबत जावे. शेजारणीने पोरांना भाकर घालावी. तिची गुरे आपण सांभाळू.