डोंगरावरील रोपांची गणना



शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांकरिता प्रसिद्ध आहे. जंभेरीचे बी वाफ्यात रुजवितात, रोप जोपासतात आणि पुढे त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. ह्या अवधीत रोपाला पाण्याची ओढ बसली, तर शेतकरी तत्काळ धावून जातो. गावाच्या उत्तरेस सातपुड्याच्या उतारावरही साग, मोह, धावडा, टेंभुर्णी, चार ह्यांचे बी दर पावसाळ्यात रुजत असते. त्या रोपांना पाणी देणारा कोणी नाही. त्यांचा सारा भरवसा पावसाच्या नेमस्तपणावर असतो. आणि हवामानातील पालटाचा घाव प्रथम तेथेच बसतो.

जंगल बिघडले म्हणजे मोठी झाडे वाळू लागतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. जुना साग एखादे अवर्षण पाने गाळून सोसतो. डोंगर दुरून हिरवा दिसतो, पाहणारा निश्चिंत होतो. परंतु खाली नवी पिढी उभी राहत आहे की नाही, हे दुरून दिसत नाही.

हवेतील कर्बद्विप्राणील वायूचे मोजमाप हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. १९०१ ते २०१८ ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पाऊस थोड्या दिवसांत उरकतो आणि मधली उघाड लांबते.

रोपाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय? मृगाच्या सरींनी बी रुजते. मग पुनर्वसूत पंधरा-वीस दिवस थेंब पडला नाही, तर वितभर रोप करपते. त्यानंतर मुसळधार पाऊस आला, तरी तो उतारावरची माती घेऊन नाल्यात जातो. सागाचे बी कठीण कवचाचे असते. ते सगळे एकदम रुजत नाही, काही पुढील वर्षासाठी शिल्लक राहते. मोहाच्या बियांना ही सवलत नाही. टोळंबी पिकून पडली की थोड्याच दिवसांत रुजली पाहिजे, एरवी ती निर्जीव होते. शिवाय फुले माणसे वेचतात, टोळंबीही तेलासाठी वेचतात. त्यामुळे अनेक ठिकाणी वृद्ध मोह उभे आहेत आणि त्यांच्या भोवती एकही पोर नाही.

उन्हाळ्यात वणवा येतो. उष्णता वाढली की पालापाचोळा लवकर वाळतो आणि आग लांब पसरते. सागाचे रोप वरून जळाले, तरी मुळापासून पुन्हा फुटते. अनेक कोमल जातींना ते साधत नाही. मोकळ्या झालेल्या जागी घाणेरी, म्हणजेच रायमुनिया, शिरते. तथापि वणवा बहुधा माणसाच्याच हातून लागतो, हे विसरता कामा नये. बेसुमार चराई व कुऱ्हाड ह्यांचे पापही हवामानाच्या माथी मारण्याची सोय अलीकडे फार झाली आहे. पालटलेले हवामान ह्या जुन्या दुखण्यांना बळ देते, एवढेच म्हणणे रास्त ठरेल.

ह्याचा संबंध बागांशीही आहे. वरूड तालुक्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक आहे. झाडीखालची भुसभुशीत माती पाणी जिरविते. उघडा उतार ते वाहू देतो. डोंगरावरचे रोप मेले, तर त्याची झळ काही वर्षांनी विहिरीला लागते.

सागाच्या ओंडक्यावरील वळ्यांवरून पुण्याच्या त्याच संस्थेने मागील शतकांतील पावसाचा मागोवा घेतला आहे. परंतु वळ्या जगलेल्या झाडाच्याच असतात. मेलेल्या रोपाची नोंद कोठेच राहत नाही. ती शाळेला ठेवता येईल.

वनरक्षकास आधी कळवून, शक्य तर त्याला सोबत घेऊन, चौथीच्या मुलांना जंगलाच्या कडेला दिवसाढवळ्या न्यावे. दहा पावले लांब व दहा पावले रुंद अशी जागा आखावी. पोळ्याच्या सुमारास तीतील गुडघ्याखालची रोपे जातवार मोजावी व प्रत्येकाजवळ काडी रोवावी. उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी पुन्हा मोजावी. त्या वेळी सागाचे रोप निष्पर्ण असते व मेल्यासारखे दिसते. नखाने साल किंचित खरवडून आत हिरवेपणा आहे का, ते पाहावे. पावसाच्या उघाडीचे दिवस व वणव्याची तारीख त्याच वहीत लिहावी. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. शिक्षकाची बदली झाल्यास ही वही कार्यभाराच्या यादीत नोंदवून नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.