कोकणात गेल्यावर जेवायचं कुठं?

विष्णुपुरीच्या आपल्या गटांची मालवणची सहल ठरतेय. पैसा वर्षभराच्या बचतीतला, म्हणून प्रत्येकजण विचारतेय, तिकडं जेवायचं कुठं?

माझं सांगणं, घरगुती खानावळीत जेवा. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, सगळीकडं घरांवर 'घरगुती जेवण' अशी पाटी दिसते. रांधणाऱ्या बहुतेक घरातल्याच बाया असतात. आपला पैसा त्यांच्या चुलीपर्यंत जातो.

किती माणसं येणार ते सकाळीच कळवा. थाळीचा भाव माशावर ठरतो. बांगडा स्वस्त, सुरमई-पापलेट महाग. म्हणून बसायच्या आधी भाव विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशाची आशा धरू नका.

माळकरी बायांनी काळजी करू नये. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, तांदळाचे घावणे मिळतात. वर कोकम आणि नारळाच्या दुधाची सोलकढी. फक्त 'आमचं वेगळ्या भांड्यात करा' हे आधी सांगायचं.

वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बाया मांडवी खाडीत होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांना जरूर भेटा. हिशेब कसा ठेवतात, कामाच्या पाळ्या कशा लावतात, ते विचारा.

कारण आपल्या काळेश्वरालाही माणसं येतात, शंकरसागर बघतात आन् उपाशी परततात. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आपल्या हातचा आहे. पाटी आपल्याही दारावर लागू शकते. पुढच्या बैठकीत यावर बोलू.