मुलांचा माग आणि दानाचे कापड



मुलांनी शाळेत कापड विणावे आणि ते गरजूंस द्यावे, ही कल्पना ऐकताच कोणाचेही मन प्रसन्न होते. परंतु अशा प्रसन्न करणाऱ्या कल्पनाच तपासून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी वर्ध्याखेरीज दुसरे योग्य ठिकाण नाही.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला 3 तास 20 मिनिटे दिली. सेवाग्रामात आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी हा प्रयोग चालविला. त्या योजनेत दानाची भाषा नव्हती. मुलांच्या श्रमातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली की, शाळेचा माल बाजारात आला म्हणजे पोटासाठी विणणाऱ्या कारागिराशी त्याची स्पर्धा होईल. ही हरकत आम्हांस आजही निरुत्तर करणारी वाटते. शाळेला कापूस आणि माग फुकट. विणकराला मात्र चूल पेटवायची असते.

मग तोडगा सुचतो तो दानाचा. विकू नका, देऊन टाका! पण येथे दुसरे संकट उभे राहते. आपल्याकडे म्हण आहे, ‘धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत.’ घेणाऱ्याने ते मोजू नयेत हे ठीक. पण देणारेही मोजीनासे झाले म्हणजे काय होते? काठ वाकडा, वीण कुठे घट्ट तर कुठे विरळ, दोन धुण्यांत रंग गेला, तरी ‘गरिबालाच तर द्यायचे आहे’ म्हणून ते कापड खपते. मूल त्यातून दया शिकत नाही; काही माणसांना निकृष्ट वस्तू चालते, एवढेच शिकते. हा धडा पुसून काढणे फार कठीण.

यावर उपाय एकच: विणकाम हे शास्त्र म्हणून शिकवणे. दोन वार लांबीचा, 24 इंच पन्ह्याचा पंचा घ्या. इंचाला 40 धागे धरले तर ताण्याला 960 धागे लागतील. गुंडी 640 तारांची, तार 4 फुटांचा. म्हणजे एका गुंडीत 2560 फूट सूत. ताण्याला सव्वादोन गुंड्या आणि बाण्यालाही, त्याच घनतेने, तेवढ्याच. तूट न धरताही एका पंचाला साडेचार गुंड्या झाल्या! हा हिशेब ज्या मुलाने स्वतः केला, ते हातरुमालसुद्धा बेपर्वाईने फेकणार नाही.

नक्षीचेही तसेच. ताण्यात चार तांबडे, चार पांढरे धागे लावून बाण्यातही तोच क्रम ठेवला की चौकडी उमटते. तांबड्यावर पांढरे आले तेथे गुलाबी घर दिसते. तो तिसरा रंग कोणी रंगवला नाही, तो भेटीतून निघाला, हे मुलाला मागावरच कळते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी केले. तेथे आज नैसर्गिक रंगांच्या खादीचे काम चालते. शाळांनी ते मुलांना अवश्य दाखवावे.

आणि दान? त्याचाही नमुना वर्धा जिल्ह्यातच आहे. 12 फेब्रुवारी 1948 रोजी पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, अशी सूतांजलीची प्रथा विनोबांनी घातली. तिचे मर्म असे की, श्रीमंताला दहा गुंड्या विकत आणून पुण्य मिळवता येत नाही. सर्वांची गुंडी सारखी, आणि ती आपल्याच हातची.

आमची सूचना साधी आहे. मुलांनी पहिला पंचा आपल्या घरी वापरावा, महिनाभर धुवावा, आणि त्याचे दोष वहीत लिहावेत. शेजारच्या विणकराला शाळेत बोलवावे, मानधन द्यावे, आणि गुरुजींनीही त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसावे. दुसरा पंचा त्याच्या पसंतीस उतरला, तरच तो दुसऱ्याला द्यावा. असे केल्याने दानाची संख्या कमी होईल, हे आम्ही जाणतो. पण जे वस्त्र आपण स्वतः आनंदाने पांघरू, तेच दुसऱ्याच्या अंगावर घालावे, एवढे मुलाला उमगले तर शाळेचा माग सार्थकी लागला असे आम्ही समजू.