गावचा मेजर, कागदावरचा शिपाई



शिरूर कासारच्या आठवडी बाजारात कुणी 'ओ मेजर' म्हणून हाक मारली, तर तीन-चार माना वळतात. त्यांतला एकही जण सैन्यात मेजर नव्हता. कुणी शिपाई म्हणून घरी आला, कुणी नायक, फार तर हवालदार. पण फौजेतून परतलेल्या माणसाला ही बढती आपलं गाव देऊन टाकतं, तिला कुणाची सही लागत नाही. अडचण येते ती हेच मेजर बँकेच्या खिडकीशी उभे राहतात तेव्हा. आतून प्रश्न येतो, "बाबा, तुमचं खरं नाव कोणतं? आधारवर एक आहे, पेन्शनच्या कागदावर दुसरंच."

मी सैन्यात क्लार्क होतो. बंदूक शिकलो, पण सगळी नोकरी टाइपरायटर आणि रजिस्टरं यांच्यात गेली. त्यामुळं आता आमच्या भागातले फौजी आणि त्यांच्या घरच्या बाया प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घालून माझ्याकडं येतात. त्या पिशवीत काय असतं ते आधी सांगतो. डिस्चार्ज बुक असतं, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा हुकूम असतो, एखादी लष्करी दवाखान्याची चिठ्ठी, आणि तळाशी रुमालात बांधलेली दोन-तीन पदकं. बाया कागद आधी पुढं करतात, रुमाल नंतर. माझं म्हणणं असं की दोन्ही एकाच नोंदीचे भाग आहेत, म्हणून रुमालही आधीच सोडावा.

चूक कुठं होते? भरतीच्या दिवशी. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, रात्रभर मैदानाबाहेर झोपलेला, पळून-उड्या मारून दमलेला. त्याच्यासमोर बसलेला क्लार्क बहुधा दुसऱ्या मुलखातला. पोरगा सांगतो एक, क्लार्क ऐकतो दुसरं आणि लिहितो तिसरं. मधलं नाव गळतं, आडनावाच्या जागी गावाचं नाव बसतं. त्यावर अंगठा नाहीतर सही होते, आणि तो कागद पुढं साठ वर्षं त्या माणसाच्या वतीनं बोलत राहतो. माणूस स्वतः काय बोलतो याला त्यानंतर फारशी किंमत उरत नाही.

त्यात आपला मुलूख कसा? दसरा-दिवाळी झाली की शिरूर, पाटोदा, आष्टीच्या टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात. लेकरू फडात जन्मतं, कोपीत वाढतं. जन्माची नोंद ना इथल्या ग्रामपंचायतीत, ना तिथल्या. मग शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजानं तारीख लिहितात, आणि ती तारीख असते १ जून. गावातल्या अर्ध्या माणसांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात, याचं आपल्याला हसू येतं. पण आईनं भरतीच्या वेळी 'दुष्काळाच्या सालात झाला' म्हणून वेगळं वर्ष सांगितलेलं असेल, तर दाखल्यावर एक आणि शीट रोलवर, म्हणजे सैन्याच्या नोंदपत्रावर, दुसरं अशी गाठ बसते.

ही गाठ फक्त गरिबाच्याच वाट्याला येते असं समजू नका. जनरल व्ही. के. सिंह आपल्या सैन्याचे प्रमुख होते. त्यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर जन्म १० मे १९५१ चा आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या अर्जात पडलेलं वर्ष १९५०. सैन्याच्याच दोन शाखांत दोन जन्मवर्षं कित्येक वर्षं नांदत होती. एका शाखेकडं १९५१, दुसरीकडं १९५०. सेनाप्रमुख पदावर असताना ते २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारीत त्यांना अर्ज मागं घ्यावा लागला आणि ३१ मे २०१२ ला ते निवृत्त झाले. देशाच्या सेनापतीची तारीख जिथं हलली नाही, तिथं आपली हलेल या भरवशावर कुणी म्हातारपणापर्यंत थांबू नये. नोकरीच्या अखेरीला जन्मतारीख बदलून मागणाऱ्याकडं न्यायालयं संशयानंच बघतात.

नावाचं मात्र तसं नाही. नाव दुरुस्त होतं. आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ फौजीच्या नावात नसतो, त्याच्या बायकोच्या नावात असतो. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायची आपली रीत. माहेरचं एक, सासरचं दुसरं. जवान युनिटमध्ये परत जाऊन लग्नाची नोंद करतो. सैन्यात तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. तिथं तो कधी माहेरचं नाव सांगतो, कधी घरात हाक मारतात ते. तो हयात असेपर्यंत कुणाला काही कळत नाही. तो गेला की कुटुंब पेन्शनसाठी ती माउली उभी राहते, आणि कागदावरची बायको वेगळीच निघते. आधार वेगळं, मतदार यादी वेगळी. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला 'मीच ती' हे सिद्ध करावं लागतं. पूर्वी बँकेतला ओळखीचा साहेब समजून घ्यायचा. आता पेन्शन प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून 'स्पर्श' नावाच्या संगणक प्रणालीतून येते, आणि संगणकाला ओळख लागत नाही, अक्षरं जुळावी लागतात. म्हणून पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येक फौजीला मी पहिला प्रश्न विचारतो तो बायकोच्या नावाचा. काहींना तो आगाऊपणा वाटतो. वाटू द्या.

लोक म्हणतात, फौजेतल्या दोन जोडीदारांचं प्रतिज्ञापत्र जोडतो, भागेल की. इथं मला आपल्या जिल्ह्याचं एक जुनं दुखणं काढावं लागतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात बीड जिल्ह्यातल्या खऱ्या माणसांनी हाल सोसले. पुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी, 'हा आमच्याबरोबर होता' अशा शपथपत्रांवर भलत्यांचीच नावं घुसली. साडेतीनशेच्या आसपास प्रकरणांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाकडं गेली आणि २००५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. काही नावं तर अशी होती की संग्रामाच्या वेळी ती माणसं पाळण्यात असावीत. त्याची किंमत आज कोण भरतं? १९७१ ला खरोखर खंदकात बसलेला म्हातारा. त्याचा जोडीदार शपथेवर सांगतो, आणि टेबलामागचा माणूस मनात म्हणतो, बीडचं शपथपत्र ना? हे बरोबर नाही, पण हे असं आहे. म्हणून जोडीदाराच्या शब्दापेक्षा त्या काळातला कागद शोधायचा.

तो कागद कुठं असतो? ज्या रेजिमेंटचा जवान, तिच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोरचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. दिल्लीला अर्ज करून काही होत नाही, तो फिरून इथंच येतो. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. जे पेन्शनीइतकी नोकरी न करता परत आले, त्यांचे कागद सैन्याच्या नियमानुसार २५ वर्षांनी नष्ट करता येतात. पंधरा वर्षं न भरता आलेले असे पुष्कळ आहेत आपल्याकडं. त्यांना उत्तर येतं, 'दस्तऐवज नष्ट झाले.' लोक ते पत्र घडी करून ठेवून देतात आणि विषय संपवतात. विषय तिथं संपत नाही. लाँग रोल नावाचं मोठं रजिस्टर कायम ठेवलेलं असतं. त्यात नंबर, नाव, भरती आणि सेवामुक्तीची तारीख, सेवामुक्तीचं कारण एवढं तरी सापडतं. माहिती अधिकारात लाँग रोलच्या उताऱ्याची नक्कल मागावी, नाव घेऊन मागावी.

कागद नाहीसे होणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरातल्या सैनिकी दप्तरखान्याला १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. तिथं त्यांनी पगाराची बिलं, दवाखान्याच्या याद्या, जे मिळेल त्यातून एकेका माणसाची नोकरी पुन्हा उभी केली. वेव्हर्ली वूडसन नावाचा कृष्णवर्णीय वैद्यकीय जवान १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर स्वतः जखमी असताना तासन् तास इतरांवर उपचार करत होता. त्याचे कागदही त्या आगीत गेले. त्याच्या शौर्याचं मोठं पदक त्याच्या घरच्यांना २०२४ मध्ये मिळालं, ऐंशी वर्षांनी. तो स्वतः २००५ मध्येच गेला होता.

आपल्याकडं स्क्वाड्रन लीडर देवय्या यांचं असंच झालं. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावरच्या हल्ल्यातून ते परतलेच नाहीत. आपल्या दप्तरात 'बेपत्ता' एवढीच नोंद. त्यांनी एक पाकिस्तानी स्टारफायटर विमान पाडलं होतं, हे पाकिस्तानी हवाई दलावरच्या एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकातून पुढं आलं. महावीर चक्र १९८८ मध्ये दिलं गेलं. आपल्या माणसाची नोंद शत्रूच्या बाजूनं दुरुस्त झाली, हे मला अजून पचत नाही.

आता तो रुमाल सोडूया. शौर्यपदकं सगळ्यांना नसतात, पण युद्धातल्या हजेरीची पदकं असतात. ५ ऑगस्ट १९६५ ला नोकरीत असलेल्या आणि १८० दिवस भरलेल्याला रक्षा पदक. ३ डिसेंबर १९७१ ला सैन्याच्या पटावर असलेल्याला संग्राम पदक. त्या डिसेंबरात प्रत्यक्ष पूर्वेकडच्या आघाडीवर असलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्याला पश्चिमी स्टार. आपल्या जंगी पलटणीचा, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनचा जो गडी जमालपूरच्या लढाईत होता, त्याच्या छातीवर पूर्वी स्टार असायलाच हवा. नसेल तर नोंदीत काहीतरी सुटलंय. घरातली पोरं म्हणतात, आजोबा, आता त्या पितळेचं काय करायचंय? त्यांना सांगायचं, पदकाची कड बघ. अस्सल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कागदाला वाळवी लागते, त्या कडेला लागत नाही. सरकारी पदकं यायला इतका उशीर व्हायचा की जवान छावणीतल्या बाजारातून नकली पदकं विकत घेऊन परेडला लावायचे. दिसायला तीच, पण कड कोरी. आपली कोणती आहेत ते आज घरी जाऊन पाहा. कड कोरी असेल, तर अस्सल पदक तुमच्या नावानं निघालं होतं का आणि कुठं अडकलं, हे रेकॉर्ड ऑफिसला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

उशीर झाला म्हणून मागू नये असं नाही. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ईएमईचे जवान, १९६५ ला गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात जागतिक विक्रमासह सुवर्ण आणलं. १९८२ ला अर्जुन पुरस्कार मागितला तर अपंग म्हणून नाकारला. तो त्यांच्या हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. लष्करी पदक नव्हे ते, पण मागत राहण्याचं आयुष्य तेच.

जखमेच्या नोंदीबद्दल थोडं. अहवालात 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहिलंय की 'फिजिकल कॅज्युअल्टी', एवढ्यावर पेन्शनमधला जखमेचा हिस्सा दुप्पट किंवा निम्मा होतो. शत्रूच्या गोळीनं जखमी झालेला माणूस अपघाताच्या खात्यात पडला असेल, तर त्याचं पैशाचंही नुकसान होतं आणि वूंड मेडलही जातं. कायदा अगदीच विरोधात नाही. धरमवीर सिंह यांच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, उलटं सिद्ध करणं सरकारचं काम. तरसेम सिंह यांच्या २००८ च्या निकालात मात्र एक मेख आहे. पेन्शनचा हक्क उशिरा मागितला तरी मिळतो, पण थकबाकी दाव्याच्या मागची तीनच वर्षं. म्हणजे तुम्ही दहा वर्षं विचार करत बसलात तर सात वर्षांचे पैसे गेले. दाद मागायची जागा सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्याला मुंबईचं खंडपीठ.

पण आधी अर्ज. बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून तो पुढं जातो. पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाचं दरमहा अनुदान मिळतं. ते ४,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झालंय. डिस्चार्ज बुकावर नावाचा घोळ असेल तर तेही अडतं, म्हणून त्याची चौकशी त्याच फेरीत करा. अर्जात गाऱ्हाणं लिहू नका, साहेबांचे पाय धरू नका. सगळ्यात वर आर्मी नंबर, मग हुद्दा, नाव, पलटण. कोणत्या कागदावर काय लिहिलंय आणि काय असायला हवं, एवढ्या दोन ओळी. एका अर्जात एकच दुरुस्ती. नाव, जखम आणि पदक एकाच पानावर मागितलं तर तीन टेबलं ते पान एकमेकांकडं सरकवत बसतात. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात देऊ नका, नक्कल द्या. आणि मेजर, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय त्या खिडकीपासून हलू नका.