कागद कुणाच्या घरचा?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गावच्या इतिहास मंडळाने वर्षभर काय करावे, यावर बोलायला मला बोलावले आहे. किल्लेदर्शन, वक्तृत्व स्पर्धा, शस्त्रांचे प्रदर्शन हे सगळे तुम्ही करताच. मी एकाच कामाची वकिली करणार आहे: घरोघरचे कागद उजेडात आणण्याची.

शिवजयंतीचेच घ्या. शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष पूर्वी १६२७ मानले जाई. भोरकडच्या कारी गावी जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती, म्हणजे घडामोडींची तिथीवार टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात त्यांनी ती छापली. तिच्यात जन्मतिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वाद पुष्कळ झाला. पुढे तंजावरला मिळालेल्या कवी परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्यातही तीच तिथी सापडली. आज सरकारी सुट्टी ज्या तारखेला मिळते, ती एका देशमुखाच्या घरातून आली आहे. आणि ती छापली गेली कुठे, तर संमेलनाच्या वृत्तात! हल्ली आपली वृत्ते आभार आणि हारतुऱ्यांतच संपतात.

हे भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी काढले. पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, तेव्हा सरकारच्या कुलपात होते. त्यातले निवडक कागद इतिहासकार सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ भागांत बाहेर येऊ लागले ते १९३० पासून. मग अभ्यासकाने जायचे कुठे? वाड्यांच्या माळ्यांवर. राजवाड्यांनी तेच केले. पानिपतच्या काळातली पत्रे असलेला त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या २२ वर गेली.

लोक मात्र कागद सहजी दाखवीत नसत, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. इंग्रजांच्या इनाम कमिशनने सनदा मागून मागून कित्येकांची इनामे खालसा केली होती. अनोळखी माणूस दप्तर मागतो म्हणजे जमिनीवर टाच येणार, हे त्या पिढीने भोगले होते. आजची भीती भाऊबंदकीची. कागदांचा रुमाल सुटला की वाटणीचा जुना तंटा उकरला जाईल, या धास्तीने कितीतरी गाठोडी तशीच कसरीच्या तोंडी जातात. तेव्हा गावच्या मंडळाने पहिल्या दिवशीच सांगून टाकावे: आम्हाला मालकी नको, नक्कल हवी. मूळ कागद त्याच संध्याकाळी तुमच्या घरी परत जाईल, आणि तुम्ही ‘नको’ म्हणाल तो मजकूर छापणार नाही.

दुसरी अडचण मोडीची. आजोबांच्या पिढीपर्यंत शाळेत शिकवली जाणारी ही लिपी आज घरात कुणाला लागत नाही. हात न उचलता सलग लिहिलेली, ऱ्हस्वदीर्घाची फारशी पर्वा न करणारी. पण ती काही भुताटकी नव्हे. अक्षरओळख थोड्या दिवसांत होते. खरा हात बसतो तो जुने कागद लावताना. म्हणून वर्ग काढा, पण पुस्तकातल्या नमुन्यांवर थांबू नका. कुणाच्या तरी पणज्याचे खरेदीखत समोर ठेवा. ते वाचायला घरचाच पणतू येईल आणि नंतर वर्ग चुकवणार नाही.

एक कळकळीची सूचना. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. त्यातून कागद पुन्हा सुखरूप सुटत नाही. सपाट ठेवा, ओल टाळा, चांगला फोटो काढा.

कार्यक्रमाची आखणी फार नको. महिन्यातून एक संध्याकाळ, शाळेचा एक वर्ग, एक लांब टेबल. ज्याचा कागद त्याने तो स्वतः मांडायचा, कुठून आला ते सांगायचे. जाणत्याने वाचायचा, बाकीच्यांनी शंका काढायच्या. पुण्याच्या मंडळातही कागद सभेत वाचूनच पारखले गेले. दीपप्रज्वलन नसले तरी चालेल. मात्र वही ठेवा आणि तिच्यात कोणता कागद, कुणाचा, कोणत्या शकातला, कुणी वाचला, एवढे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा.